सूर्यास्तानंतरची साखर

गणपतीपुळ्याचा किनारा पश्चिमाभिमुख. सूर्य समुद्रात उतरू लागला की पर्यटक तो सोहळा पाहण्यासाठी थांबतात; चौविहार पाळणारी जैन कुटुंबे मात्र त्याआधीच भोजन उरकून घेतात. त्याच लगबगीत घरातील ज्येष्ठांची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन होते. पुढचा आहार थेट नवकारशीला, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. पर्युषणाच्या दिवसांत हे अंतर बारा तासांहून अधिक भरते.

रात्रिभोजनत्याग मधुमेहींना एरवी हिताचाच. उशिराच्या भरपेट जेवणाने सकाळची साखर चढते. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या व इन्सुलिन पोट रिकामे असले तरी साखर उतरवतच राहतात. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, कंप, धडधड, बोलण्यात असंबद्धता. झोपेत तर काहीच कळत नाही. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. नेमक्या त्या वेळी पच्चक्खाण घेतलेली व्यक्ती घोटभर पाणीही नाकारते आणि घरचे हतबल होतात. निर्जल उपवासात लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा धोका वेगळा: शरीर शुष्क होते, रक्तातील आम्लता वाढू शकते.

वास्तविक पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार सांगितले आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा त्यांतलीच. दिगंबर परंपरेच्या सोळा कारण भावनांतही ‘शक्तितस्तप’ आहे. हे गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवलेले बरे. मध्यरात्री शास्त्रचर्चा होत नाही.

तसेच डॉक्टरांनाही. अनेक रुग्ण व्रताचा उल्लेखच करत नाहीत आणि पर्वात परस्पर गोळी बंद करतात. पर्वापूर्वी महिना-दीड महिना मधुमेहतज्ज्ञांची भेट घ्यावी. गणपतीपुळे परिसरातून त्यासाठी सहसा सुमारे २५ किलोमीटरवरील रत्नागिरी गाठावी लागते. म्हणून फेरी सत्कारणी लागावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि सोबत घेतल्या जाणाऱ्या औषधांची व व्रतांची लेखी यादी. कोणते व्रत झेपेल आणि कोणत्या दिवशी किती मात्रा, हे कागदावर लिहून घ्यावे.

‘आमच्याकडे बटाटा नाही, मग साखर कशी?’ हा प्रश्न नेहमीचा. बटाट्याच्या जागी आलेले कच्चे केळे, रवा, मैदा, पर्वातला शिरा यांचा हिशेब कोण ठेवतो? शिवाय सडपातळ देहातही चरबी दडलेली असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे.

पायांचेही तसेच. गणपतीपुळ्याची टेकडीभोवतीची प्रदक्षिणा असो वा कुंभोजच्या बाहुबलीची चढण, दुपारच्या तापलेल्या दगडावर अनवाणी चाललेल्या, संवेदना हरवलेल्या पायाला भाजल्याचे कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. अशांनी सकाळी लवकर जावे आणि परतल्यावर तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरशात.

रात्री उशाशी ग्लुकोमीटर व साखरेची पुडी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एकाला तरी ठाऊक असावे.