विश्लेषण : दीपनगरचा कोळसा विरुद्ध कल्पाक्कमचे प्लुटोनियम

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात ते आठ हजार टन कोळसा लागतो. म्हणजे जवळपास दोन मालगाड्या. तमिळनाडूतील कल्पाक्कमच्या ‘फास्ट ब्रीडर’ अणुभट्टीची क्षमताही ५०० मेगावॉटच. तिथे पूर्ण भाराने दिवसभरात भेदले जाणारे इंधन मात्र सव्वा किलोच्या आसपास! या इंधनातील कळीचा घटक म्हणजे प्लुटोनियम.

ते येते कुठून?

खाणीतून नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज भेदता येणारा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. उरलेल्यातील थोडा अंश अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम बनतो. जडपाण्याच्या भट्टीतील एक टन वापरलेल्या इंधनातून ते साडेतीन-चार किलो मिळते. ते वेगळे काढणारा देशातील पहिला कारखाना ट्रॉम्बेला उभा राहिला, १९६४ मध्ये. पुढे तारापूरलाही असे प्रकल्प झाले.

मग घोडे अडले कुठे?

होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात प्लुटोनियम ही दुसरी पायरी, तिसरी थोरियमची. कल्पाक्कमच्या भट्टीला २००३ मध्ये ३,४९२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, मुदत होती २०१०. गाभा भरण्यास सुरुवात झाली ४ मार्च २०२४ रोजी. अशा भट्टीत उष्णता वाहून नेण्यासाठी पाण्याऐवजी द्रवरूप सोडियम असते आणि ते हवा वा पाण्याशी आले की पेटते. फ्रान्सने आपली ‘सुपरफिनिक्स’ १९९८ मध्ये मोडीत काढली, जपानने ‘मोंजू’ बंद करण्याचे २०१६ मध्ये ठरवले. रशियाची बीएन-६०० मात्र १९८० पासून वीज देते आहे. तेव्हा ‘हे जमतच नाही’ हा आक्षेप टिकत नाही. खर्चाचा आणि विलंबाचा टिकतो.

सरकारचे धोरण काय?

प्लुटोनियमपासून बॉम्बही होतो. १९७४ च्या पोखरण चाचणीत तेच वापरले होते. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुले केले, तरी वापरलेल्या इंधनावरील पुनर्प्रक्रिया केंद्राच्याच हाती ठेवली. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या सुरुवातीला क्षमता आठ गिगावॉटच्या थोडी वर होती.

खान्देशचे वीजबिल यामुळे कमी होईल?

नजीकच्या काळात नाही. साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सूर्य मावळला की थांबतो, त्यामुळे रात्रीचा भार दीपनगरसारख्या केंद्रांवरच राहतो. फास्ट ब्रीडर भट्ट्या वाढवायच्या, तर प्रत्येकीच्या गाभ्यात सुरुवातीलाच टनांच्या हिशेबात प्लुटोनियम हवे. एक टन जमवायला किमान अडीचशे टन वापरलेले इंधन पुनर्प्रक्रियेतून काढावे लागते.