शिवेवरची फेरी

अश्विन वद्य द्वादशीला शहरांत गाय-वासराची पूजा होते आणि दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी गावाच्या शिवेवर जमतात. तिथे वाघदेव उभा असतो. लाकडाच्या नाहीतर दगडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, बाजूला नाग, आणि या सगळ्यावर शेंदराचे इतके थर की कोरीवकाम डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळावं. गुरांना सांभाळ, असं त्याला साकडं घातलं जातं. तिथेच चूल मांडून खीर शिजते आणि सगळे मिळून खातात.

या देवाची जागा मला फार महत्त्वाची वाटते. गाव संपून रान सुरू होतं नेमक्या त्या ठिकाणी तो उभा आहे. अशा एका शिवेवरून निघून देवराई, चरणीची जागा, झरा, मोहाची झाडं असं करत पुन्हा गावात येणारी वाट जोडली, तर पाच-सहा किलोमीटरची एक फेरी सहज तयार होते. पाहुण्यांनी चालावी, पाड्याला दोन पैसे मिळावेत आणि रानही राखलं जावं अशी फेरी. असा विचार देशोदेशी चालू आहे. सुरगाण्यात तो करायचा झाला तर कुठून सुरुवात करावी आणि पैसा कुठून आणावा, हे तपासण्यासाठी हा लेख.

फेरी आपल्याला नवी नाही

वर्तुळाकार वाटेवर हजारो माणसांनी चालायचं, ही कल्पना नाशिक जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीच माणसं कुशावर्तात स्नान करून निघतात आणि वीसेक किलोमीटर चालून, पहाटे किंवा सकाळी, भिजलेल्या अंगाने परत येतात. ज्यांची हौस आणि पाय दोन्ही मोठे, ते याच्या दुपटीची मोठी फेरी करतात. याच प्रदक्षिणेत वाघ समोर आला, भावंडांची ताटातूट झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. महाराष्ट्राच्या संतपरंपरेचा एक धागाच असा फेरीच्या वाटेवर, वाघाच्या भीतीतून सुरू होतो.

सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. व्रत घेतलेले माऊल्या पावरीच्या सुरावर गावोगाव फिरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावरच्या देवाच्या ठाण्यापर्यंत चढून जातात. डोंगर हाच देव, म्हणून त्याच्याकडे चालत जायचं. पायवाटेमागे इतका खोल अर्थ ज्या प्रदेशात आहे, तिथे बाहेरून आखलेली ‘ट्रेल’ आणून टाकणं मला पटत नाही. इथल्या वाटा आधी विचारून घ्याव्यात, मग जोडाव्यात.

ज्यांनी जमिनीसाठी चालून दाखवलं

सुरगाणा नाशिकपासून नव्वदेक किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून आहे. नार, पार, अंबिका या नद्या इथल्या डोंगरातून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात. पाऊस दणकून पडतो, आणि तरी उन्हाळ्यात पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. नागली, वरई, भात, खुरासणी ही पिकं. बोरगाव-हतगडच्या बाजूला अलीकडे स्ट्रॉबेरी होते आणि हंगामात सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकायला मांडलेली दिसते. खरीप संपला की कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

६ ते १२ मार्च २०१८ या दिवसांत नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी पायी चालत गेले, त्यात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येने होती. रक्ताळलेल्या, फोड आलेल्या तळव्यांची छायाचित्रं तेव्हा देशभर पोचली. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या गावांतून आणखी एक आवाज उठला: रस्ते, पाणी, दवाखाना मिळणार नसेल तर आम्हाला गुजरातमध्ये सामील करा.

या दोन गोष्टी विसरून सुरगाण्यात पर्यटनाची वाट आखणं मला अन्यायाचं वाटतं. पाणी आणायला दोन मैल चालणाऱ्या बाईला ‘चालण्याचा आनंद’ समजावण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जमिनीवरचा हक्क, मग रानाची राखण आणि त्यानंतर पाहुणा.

हक्काचा नकाशा हाच वाटेचा नकाशा

२००६ च्या वनहक्क कायद्याने व्यक्तीला कसत असलेल्या जमिनीचा हक्क दिला, तसा गावाला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क दिला. परंपरेने गाव ज्या जंगलाची राखण करत आलं, ते राखण्याचा, जोपासण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हा हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळवला आणि बांबूच्या उत्पन्नातून जंगलही राखून दाखवलं.

या दाव्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांची यादी वाचताना मी थबकलो होतो. पारंपरिक चराई क्षेत्रं, मोह-कंदमुळं गोळा करण्याच्या जागा, पवित्र झाडं आणि देवराया, पाणवठे, स्मशानभूमी, ज्येष्ठांचे जबाब. म्हणजे गावाची हद्द सिद्ध करायची तर म्हाताऱ्या माणसांना पुढे घालून शिवेवरून चालायचं आणि ‘इथपर्यंत आमचं’ असं बोट दाखवायचं. आपण शोधत असलेली फेरी नेमकी हीच. हक्काच्या मोजणीसाठी गाव जी वाट एकदा चालतं, तीच पुढे दरवर्षी चालली तर राखणही होते आणि पाहुण्याला दाखवण्यासारखी गावाची ओळखही तयार होते.

कायद्याची आणखी एक सोय इथे उपयोगी पडते. कलम ३(२) प्रमाणे रस्ता, पाण्याची सोय, समाजकेंद्र अशा ठरावीक सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वापरता येते, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. दीड मीटर रुंद आणि ६ किलोमीटर लांब वाटेचं क्षेत्र ९,००० चौरस मीटर, म्हणजे ०.९ हेक्टर भरतं. खरं तर जुन्याच पायवाटा वापरल्या तर एकही झाड तोडावं लागत नाही. पण गावाने मर्यादा आधीच ठरवली असेल, तर पुढे वाटेचा रस्ता आणि रस्त्याचा डांबरी रस्ता होण्याला आळा बसतो.

वाट पाण्याची वैरी होऊ नये

सह्याद्रीच्या पावसात वाट खराब करतं ते पाणी. सरळ चढणारी वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते, माणसं कडेने चालू लागतात, वाट रुंदावते आणि माती खाली जाते. म्हणून वाट डोंगराला तिरकी न्यायची आणि तिचा चढ उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवला की पाणी वाटेवरून धावण्याऐवजी तिला ओलांडून जातं. सिमेंट नको. ताल आणि बांध घालणाऱ्या हातांना ही कामं सांगावी लागत नाहीत.

गेल्या वाटेने परतण्यापेक्षा गोल वाट बरी, यालाही कारण आहे. केळावणच्या भिवतास धबधब्यासारख्या एकाच जागी सगळी गर्दी जमली की कचरा, धोका आणि धंदा तिथेच साचतो. फेरी तीन-चार पाड्यांवरून गेली तर एका पाड्यावर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, दुसऱ्यावर मुक्काम, तिसऱ्यावर वाटाड्या असं काम वाटलं जातं. धुवाधार पावसाचे आठवडे आणि मोहाचा हंगाम वाट बंद ठेवायची. मोह वेचणाऱ्या बायांना पहाटे रानात परक्या माणसांचा उपद्रव होता कामा नये. देवराईत आणि स्मशानात पाहुण्याला प्रवेश द्यायचा की नाही, हेही गावच ठरवेल.

पैसा कुठला, आणि कशासाठी

वाट करायला पैसा मिळतो, ती टिकवायला मिळत नाही. महाराष्ट्रात अनेक पर्यटनस्थळांची रडकथा यातच आहे. उद्घाटनाचा फलक नवा असतो आणि तिसऱ्या वर्षी कठडा तुटलेला असतो. म्हणून दोन खर्च वेगळे धरावेत.

बांधणीसाठी वाटा मोकळ्या आहेत. मृदसंधारण, दगडी ताल, रोपं ही कामं रोजगार हमीत बसतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच देशाला ही कल्पना दिली, आणि द्राक्षबागांकडे जाणाऱ्या मजुराला गावातच काम देण्याचा तिचा हेतू सुरगाण्यात आजही लागू आहे. जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला तर निवारा आणि शौचालय होऊ शकतं. सगळ्यांत महत्त्वाचा आहे पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, निधी. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के वाटा २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो. वनहक्काची अंमलबजावणी, जलसंधारण, वन्यजीव संवर्धन आणि वन्यजीव पर्यटनही त्याच्या विषयांत आहे. खर्च ग्रामसभा ठरवते, आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांमुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते.

देखभालीचा हिशेब मात्र फेरीनेच भागवावा. समजा, वर्षाला २,००० माणसं आली आणि माणशी ५० रुपये वाटशुल्क घेतलं, तर १ लाख रुपये जमतात. ३०० रुपये मजुरी धरली तर हे ३३३ दिवसांचं काम झालं, म्हणजे दोन माणसांना साडेपाच महिने. वाट साफ ठेवायला, पावसानंतर ताल दुरुस्त करायला एवढं पुरतं. पण शेकडो हेक्टर जंगल वर्षभर राखायला पुरत नाही. त्यामुळे पर्यटनाच्या पैशाने जंगल वाचेल, ही आशा कुणी देऊ नये. जंगल राखलं जातं ते मोह, बांबू, चारा, जळण यांवर गावाचा हक्क आणि नियम असतात म्हणून.

इतरांकडून घेण्यासारखं

नाशिकजवळचं बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. क्षेत्र जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, पण नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी मिळून राखलेलं. या प्रकारच्या क्षेत्रात स्थानिकांचे हक्क काढून घेतले जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. २०१२ मध्ये जागतिक वारसायादीत गेलेल्या कासच्या पठारावर गावांच्या समित्यांनी शुल्क घेतलं, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली. तिथलं तारेचं कुंपण मात्र पुढे काढावं लागलं. गुरांचं चरणं हाही त्या फुलांच्या जगण्याचा भाग आहे, हे उशिरा ध्यानात आलं.

अमेरिकेतली सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन वाट १९२१ मध्ये एका माणसाच्या लेखातून सुचली, आणि आजही तिची डागडुजी बहुतांशी स्वयंसेवक मंडळं करतात. त्या वाटेभोवतीची जमीन वाचवायला मात्र १९६८ च्या कायद्यानंतर दशकानुदशकं खरेदी करावी लागली. सुरगाण्याला जमीन विकत घ्यायची नाही. ती तिथल्या माणसांचीच आहे, फक्त कागदावर यायची आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या गावाचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे किंवा होऊ घातला आहे, त्या गावाने वाघबारशीच्या दिवशी शिवेवरून एक फेरी घालावी. पुढे म्हातारी माणसं, मागे शाळेची पोरं. पडलेले दगड रचावेत, तुटलेली झाडं मोजावीत, नवा खड्डा किंवा चोरवाट दिसली तर वहीत टिपावी. पहिली काही वर्षं पाहुणा नसला तरी चालेल. फेरी संपेल तिथे वाघदेव उभा असेलच, आणि खीर शिजत असेल.