दारिद्र्याची व्याख्या आणि मुलांची मोजणी : ब्रिटनमधील कायद्याचा एक अनुभव

‘दरिद्र’ हा शब्द ‘द्रा’ म्हणजे धावणे या संस्कृत धातूच्या पौनःपुन्यदर्शक रूपापासून सिद्ध झाला आहे. पोटासाठी दारोदार हिंडणाऱ्या माणसाचे चित्र त्याच्या मुळाशी आहे. भाषेच्या नित्य व्यवहाराला एवढे पुरते. परंतु ज्या शासनाला आपल्या राज्यातील दरिद्री मुलांची संख्या दरसाल छापावयाची असते, त्याचे अशा चित्रावर भागत नाही. त्याला रेघ लागते, आणि रेघ ओढली की तिच्या अलीकडचे कोण व पलीकडचे कोण हे ठरवावे लागते. कोशातील अर्थ लोकांच्या वापरातून गोळा केलेला असतो. कायद्यातील अर्थ मात्र ठरविलेला असतो. या ठरविण्याचा अनुभव ब्रिटनने जितका उघडपणे घेतला, तितका फार थोड्या देशांनी घेतला असेल.

त्या देशात या विचाराची सुरुवात यॉर्क शहराच्या पाहणीपासून धरावयास हरकत नाही. सीबोम राउंट्री याने ती 1899 मध्ये केली व 1901 मध्ये प्रसिद्ध केली. केवळ शरीर कार्यक्षम राहण्यास अन्न, वस्त्र व निवारा यांवर किमान किती खर्च येईल, याचा त्याने हिशेब मांडला. वर्तमानपत्र, आगगाडीचे भाडे किंवा परगावी असलेल्या मुलाला पाठवावयाच्या पत्राचे टपाल यांना त्या हिशेबात जागा नव्हती, आणि हे त्याने स्वतःच स्पष्टपणे नमूद केले होते. पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर व रथ यांनी 1971 मध्ये दरमाणशी 2250 उष्मांकांच्या आधारे भारतासाठी जी रेषा मांडली, तिचे गोत्र हेच. याउलट पीटर टाउनसेंड याने 1979 च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्या समाजात माणूस राहतो त्या समाजातील रूढ राहणीपासून साधनांअभावी दूर पडणे हेच दारिद्र्य होय. ब्रिटिश शासनाने पुढे स्वीकारलेले मुख्य माप या दुसऱ्या मताचे आहे.

ते माप असे. देशातील सर्व लोक उत्पन्नाच्या क्रमाने उभे केले असता बरोबर मध्यभागी येणाऱ्याचे उत्पन्न म्हणजे मध्यक. त्याच्या 60 टक्क्यांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील मूल दरिद्री समजावयाचे. कुटुंबे लहानमोठी असल्यामुळे त्यांची तुलना करण्यासाठी भार ठरविले आहेत : निपुत्रिक जोडप्याचा भार 1, चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाचा 0.20, त्यावरील मुलाचा 0.33. 2010-11 साली जोडप्यासाठी रेषा आठवड्याला 251 पौंड होती. तेरा वर्षांचे एक मूल असलेल्या जोडप्यासाठी ती सुमारे 301 पौंड होते आणि मुलाने चौदावे वर्ष पूर्ण करताच सुमारे 334 पौंडांवर जाते. म्हणजे आठवड्याला 320 पौंड मिळविणाऱ्या घरातील मूल आपल्या वाढदिवशी दरिद्री ठरते. घरातील मिळकत एका पेनीनेही कमी झालेली नसते. हा विनोद नव्हे. मोठे मूल जास्त खाते हे खरे, आणि भार कोठेतरी बदलावाच लागतो. मात्र हे सर्व गणित उत्पन्न घरात समप्रमाणात वाटले जाते या गृहीतावर उभे आहे. आई आपले ताट मुलाकडे सरकवते, ही गोष्ट त्यात येत नाही.

टोनी ब्लेअर यांनी मार्च 1999 मध्ये एका पिढीत, म्हणजे वीस वर्षांत, बालदारिद्र्य संपविण्याची घोषणा केली. 2010 च्या ‘बालदारिद्र्य कायद्या’ने त्या घोषणेला वैधानिक रूप दिले. वरील सापेक्ष माप, स्थिर रेषेवरील माप, दीर्घकाळ टिकणाऱ्या दारिद्र्याचे माप आणि अल्प उत्पन्न व वस्तूंची वाण यांचे संयुक्त माप अशी चार मापे त्यात होती. 2020-21 पर्यंत सापेक्ष दारिद्र्यातील मुले 10 टक्क्यांच्या खाली आणावयाची होती.

कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच मापाने आपला स्वभाव दाखविला. 2010-11 मध्ये दरिद्री मुलांची संख्या सुमारे 26 लाखांवरून 23 लाखांवर आली. आनंद मानावा असा हा आकडा होता. पण त्याचे मुख्य कारण असे की, मंदीने मधल्या माणसाचेच उत्पन्न आठवड्याला 432 पौंडांवरून 419 पौंडांवर उतरले होते. मध्यक खाली आला, त्याच्याबरोबर रेषा खाली आली, आणि तीन लाख मुले जागच्या जागी रेषेवर गेली. सापेक्ष मापाच्या विरोधकांना याहून चांगला दाखला कोठून मिळणार? वस्तुतः अशा वर्षासाठीच स्थिर रेषेचे दुसरे माप कायद्यात ठेवलेले होते. चार मापांपैकी एकच हातात घेऊन ते वाकडे आहे असे म्हणणे, हे सुताराने गुण्या टाकून फूटपट्टीला दोष देण्यासारखे झाले.

तरीही वाद त्याच दाखल्यावर पुढे गेला. 2012 मध्ये शासनाने नव्या मापांविषयी मते मागविली आणि 2016 च्या कायद्याने उत्पन्नाची चारही उद्दिष्टे रद्द केली. त्यांच्या जागी बेकारीत असलेल्या घरांतील मुले व शालेय परीक्षेतील यश यांचे अहवाल आले. मूळ कायद्याचे नावही बदलून ‘जीवनसंधी कायदा 2010’ असे करण्यात आले. कलमे बदलणे समजू शकते. पण नावातून ‘दारिद्र्य’ हा शब्द पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेणे हा शब्दार्थाच्या इतिहासातील दुर्मिळ प्रकार म्हटला पाहिजे. कारण आणि लक्षण यांची येथे गल्लतही झाली : आईबाप कामावर जात असूनही रेषेखाली असलेल्या घरातील मूल बेकारीच्या कोष्टकात दिसतच नाही, आणि ब्रिटनमधील बहुसंख्य दरिद्री मुले अशाच घरांतली आहेत. हाउस ऑफ लॉर्ड्सने आग्रह धरल्यामुळे उत्पन्नाचे चारही आकडे दरसाल प्रसिद्ध करण्याचे बंधन मात्र कायद्यात राहिले. त्यामुळे उद्दिष्ट गेले तरी मोजणी टिकली.

त्या मोजणीतही दोन रकाने आहेत. 2022-23 मध्ये घरभाडे वजा करण्यापूर्वी 32 लाख मुले सापेक्ष दारिद्र्यात होती. ते वजा केल्यावर 43 लाख. पक्षप्रवक्ते सोयीनुसार रकाना निवडतात. भाड्याचे पैसे भाजीला उपयोगी पडत नाहीत, हे पाहता दुसरा रकाना अधिक प्रामाणिक वाटतो.

राहिले वाणीचे माप. त्यासाठी पाहणीत आईबापांना अनेक वर्षे प्रश्न विचारले गेले : मुलाला थंडीचा उबदार कोट आहे काय? शाळेच्या सहलीला ते जाते काय? मित्रांना घरी चहाफराळाला बोलावते काय? नकारार्थी उत्तरे दोन प्रकारची धरली जात. ‘हवे आहे, पण परवडत नाही’ हे उत्तर वाणीत मोजले जाई. ‘नको आहे’ हे मोजले जात नसे. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद ओळखीचा आहे. जे वर्षानुवर्षे मिळाले नाही, ते मागण्याचे माणूस सोडून देतो. शिवाय परक्या माणसापुढे ‘परवडत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्या मुलाला सहलीची आवडच नाही’ असे म्हणणे सोपे जाते. असे म्हणणाऱ्या घरातील मूल त्या प्रश्नापुरते वाण नसलेल्यांत धरले जाई.