अस्थिवाहिनीजनन
हाडात नव्या रक्तवाहिन्या निर्माण होण्याची क्रिया. हाड मोडते तेव्हा त्यातील रक्तवाहिन्याही तुटतात. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे भंगस्थानातील कोशिका रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे प्रथिन स्रवतात. त्यामुळे लगतच्या वाहिन्यांना अंकुर फुटतात व त्यांच्या मागोमाग अस्थिजनक कोशिका येऊन नवे हाड तयार करतात. वाहिन्या पोहोचल्या नाहीत, तर सांधणी रखडते. मनगटातील नौकाकृती हाडाला बहुतेक रक्त बोटांकडील बाजूने मिळते; म्हणून ते मध्यावर मोडल्यास कोपराकडील तुकडा मृत होण्याचा धोका असतो. अशा वेळी वाहिनीसहित अस्थिकलम बसविता येते.

यांत्रिक ताणानेही वाहिन्यांची वाढ होते. सोव्हिएट शल्यचिकित्सक गाव्ह्रीइल इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास कुर्गान प्रदेशात वलयाकार चौकट तयार केली. पुढे विकसित झालेल्या पद्धतीत हाड कापून सु. ५ ते ७ दिवसांनी त्याची टोके दररोज सु. १ मिमी., सामान्यतः चार हप्त्यांत, दूर सारतात. मधल्या फटीत वाहिन्या व हाड दोन्ही वाढतात. वरील प्रथिन बाहेरून देण्याचे प्राण्यांवरील प्रयोग आशादायक असले, तरी मानवी अस्थिभंगावर तो उपचार रूढ झालेला नाही. धूम्रपानाने मात्र सांधणी लांबते. म्हणून ते वर्ज्य करणे हा उपचाराचाच भाग होय.