कमी मिठाचे जिरावण

इंदूरच्या मराठी घरात सकाळी पोह्यांच्या ताटलीशेजारी जिरावणाची बाटली असावयाचीच. पुण्या-मुंबईच्या आप्तांना कांदेपोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबू पुरते. आपल्याला मात्र वाफेवरचे पोहे, त्यांवर शेव आणि शेवेवर जिरावण भुरभुरल्याखेरीज न्याहारी झाल्यासारखे वाटत नाही. मूळचे आपण कोठलेही असलो, तरी जिभेने माळव्याचे झालो आहोत, हे मान्य केलेले बरे.

या बाटलीकडे वैद्यकीय दृष्टीने पाहण्याची बुद्धी मला फार उशिरा झाली. काही वर्षांपूर्वी उच्च रक्तदाबाच्या एका वृद्ध रुग्णास मी नेहमीच्या सवयीने, 'मीठ कमी करा' असे सांगून वाटेला लावले. महिनाभराने त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मीठ मी कमी केले; पण ह्यांनी जेवणच कमी केले. पोहे ताटलीत तसेच ठेवून उठतात. आता मी वरून घालू तरी काय?" आजोबांचे वजन दोन किलोंनी घटले होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. काय घालू नये हे मी पंचवीस वर्षे सांगत आलो होतो. काय घालावे, हे कोणी विचारले नव्हते आणि मीही शोधले नव्हते.

त्या दिवशी घरी आल्यावर जिरावणाची आमची जुनी कृती पाहिली. दीडशे ग्रॅम मसाल्यास चाळीस ग्रॅम काळे मीठ व वीस ग्रॅम साधे मीठ! म्हणजे सपाट चमचाभर, सुमारे अडीच ग्रॅम, जिरावणात पाऊण ग्रॅमच्या आसपास मीठच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमांहून कमी आहे. दोन चमचे जिरावण, त्यात शेवेतील मीठ आणि खुद्द पोह्यांतील मीठ धरले, तर न्याहारीलाच निम्मा हिशेब संपू शकतो.

मीठ एवढे घालण्याचे खरे कारण सवयीचे आहे. कोरड्या मसाल्यास टिकवितो तो त्याचा कोरडेपणा, मीठ नव्हे; उलट काळे मीठ पावसाळ्यात ओल धरते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. शिवाय आंबटपणाच्या सोबतीने थोडे मीठही जिभेस अधिक जाणवते. म्हणून मीठ उतरवून आमचूर आणि सुगंधी पाने वाढविली. दोन-तीन घाण्या फसल्या (एक तर पुदिना नीट न वाळल्याने बुरसली), पण पुढील प्रमाण घरात टिकले.

धने ४० ग्रॅम, जिरे ३० ग्रॅम, बडीशेप २० ग्रॅम, मिरे ५ ग्रॅम, चार-पाच लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन तमालपत्रे. सुंठपूड ५ ग्रॅम, आमचूर २५ ग्रॅम, लाल तिखट १० ग्रॅम, हळद ५ ग्रॅम, पाव चमचा हिंग, वाळलेला पुदिना १० ग्रॅम आणि काळे मीठ केवळ १० ग्रॅम. या प्रमाणात चमचाभर जिरावणातून सुमारे ०.१५ ग्रॅम मीठ जाते. पूर्वीच्या साधारण एक पंचमांश.

पुदिन्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. पाने धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत आणि सावलीत, पंख्याखाली वाळवावीत. कडक उन्हात रंगही जातो आणि बाष्पनशील तेलही उडते. पान चिमटीत चुरले गेले आणि देठ कटकन मोडला म्हणजे वाळले असे समजावे. पान नुसते वाकत असेल, तर अजून एक दिवस थांबावे. हाच नियम कढीपत्त्यास; आवडत असल्यास मूठभर तोही घालावा.

धने, जिरे आणि बडीशेप वेगवेगळी, मंद आचेवर भाजावीत, कारण तिघांस लागणारा वेळ निराळा. जिऱ्याचा वास सुटला की लगेच उतरवावे. काळपट झालेले जिरे साऱ्या बाटलीस कडू करते. मिरे, लवंगा, दालचिनी, तमालपत्र नुसते गरम करावे. पुदिना, आमचूर, सुंठ व तिखट भाजू नये. सर्व जिन्नस पूर्ण निवाल्यावरच मिक्सरमध्ये थांबत-थांबत दळावेत. गरम मसाला दळला तर त्याची वाफ भांड्यातच राहते आणि तीच पुढे बुरशीस कारण होते. पूड चाळून काचेच्या लहान बाटल्यांत भरावी, त्यांवर तारीख लिहावी आणि बाटली शेगडीवरच्या फळीवर ठेवू नये. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच करावे.

व्यवसायबंधूंसाठी काही गोष्टी. काळे मीठ आणि सैंधव रक्तदाबास चालते, असा समज रुग्णांत, आणि खरे सांगायचे तर आपल्याही घरांत, दृढ आहे. दोन्हींत मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियमयुक्त कमी-सोडियम मिठाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली. परंतु मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांस वगळून. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये, हे सांगावयास विसरू नये. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सीलिॲकच्या रुग्णाने वेष्टन वाचूनच घ्यावा. आणि थायझाइडवर असलेल्या वृद्धास ऐन मे महिन्यात 'मीठ बंद' असे कधीच सांगू नये. सोडियम उतरून भ्रम झालेले आजोबा आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील.

वापरण्याची रीतही थोडी बदलावी लागते. पोहे शिजविताना मीठ निम्मे करावे आणि जिरावण अगदी शेवटी, ताटलीत वाढल्यावर घालावे. पृष्ठभागावरची चव जिभेस प्रथम भेटते. पहिले काही दिवस अळणी वाटेल. जीभ कमी मिठास सरावण्यास काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने लागतात, हे रुग्णास आधीच सांगितले म्हणजे तो धीर धरतो. काकडी, दही, उकडलेला मका, पेरू, वरण-भात यांवरही हे जिरावण छान लागते.

त्या आजोबांना पहिली बाटली मीच नेऊन दिली. पुढच्या खेपेस त्यांनी रक्तदाबाची वही आणली, शेजारी रिकामी बाटली ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, यात तिखट थोडे वाढविले तर चालेल का?"