इंजिनातले तेल आणि त्याचा थंडावा

तळेगाव म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला तळेगाव दाभाडे आठवते. जनरल मोटर्सचा कारखाना तेथे २००८ साली सुरू झाला, आणि त्या गावाचे नाव मोटारींशी जोडले गेले. आपले तळेगाव श्यामजी पंतांचे. येथे मोटारी बनत नाहीत, तापतात. नागपूर-अमरावती महामार्गावरचा सत्याग्रही घाट वैशाखातल्या भर दुपारी चढून पाहावा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते ध्यानात येईल. तेव्हा शर्यतीच्या जातीच्या मोटारीत तेल थंड करण्याची वेगळी सोय कशाला असते, हा विषय या गावाला परका वाटण्याचे कारण नाही.

आधी तेलाचे काम पाहू. इंजिनात तेल केवळ वंगणासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर बाहेर जाते किंवा इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता रेडिएटरचे पाणी वाहून नेते खरे, पण पाण्याला सगळीकडे प्रवेश नाही. दट्ट्याच्या पोटाखाली, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत, टर्बोचार्जरच्या दांड्याभोवती पोहोचते ते तेलच. कित्येक इंजिनांत तर दट्ट्याच्या खालच्या अंगावर तेलाची बारीक पिचकारी सतत उडत असते, ती मुख्यत्वे त्याला थंड ठेवण्यासाठीच. म्हणजे तेल हे वंगणही आहे आणि उष्णतेचे हमालही आहे. आणि हमालाने ओझे कोठे तरी उतरवलेच पाहिजे.

साध्या मोटारीत हे ओझे तळाशी असलेल्या भांड्यात उतरते. मेकॅनिक मंडळी त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या पत्र्यावरून वारा जातो, तेल निवते, आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. बाजारहाट करणाऱ्या गाडीला बहुधा एवढे पुरते. परंतु जी मोटार मिनिटाला सात हजार फेऱ्यांनी पाऊणपाऊण तास पळवायची, तिच्या क्रँकशाफ्टची फिरकी सेकंदाला शंभरावर जाते. तेथे चेंबरचा पत्रा अपुरा पडतो आणि तेलाचे तापमान चढू लागते.

चढले तर बिघडते कोठे? गार तूप घट्ट आणि कढवलेले तूप पाण्यासारखे, हे घरोघरी माहीत आहे. इंजिनाच्या तेलाचेही तसेच. नेहमीच्या वापरातल्या तेलाचा दाटपणा १०० अंशांवर जेवढा असतो, त्याच्या जवळपास निम्माच १३० अंशांवर उरतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो केसाहूनही पुष्कळ पातळ. सगळा भार त्याच्यावर तरंगतो. तेल पातळ झाले की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला घासतो. मग बेअरिंग वितळते, आणि इंजिन जाम होते. शिवाय फार तापलेले तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून लवकर काळे पडते, त्याचा चिकट गाळ बनतो, आणि अरुंद वाटा तुंबतात. पहिले नुकसान मिनिटांत होते, दुसरे महिन्यांत. पण खर्च दोन्हींचा मोठाच.

म्हणून ऑइल कूलर. तो दिसायला छोट्या रेडिएटरसारखा: चपट्या नळ्या, त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या घड्या. पंपातून आलेले तेल त्या नळ्यांतून फिरते, बाहेरून वारा जातो. याचा सर्वांत नामांकित दाखला म्हणजे जर्मनीची पोर्शे ९११. ही गाडी १९६३ साली लोकांपुढे आली. तिचे इंजिन मागच्या बाजूला, आणि १९९८ पर्यंत त्याला पाण्याचा रेडिएटर नव्हताच. वारा आणि तेल यांच्यावरच सगळा कारभार. १९६९ च्या अधिक ताकदीच्या नमुन्यात जादा कूलर बसवला तो थेट पुढच्या चाकाजवळ. तेल मागून पुढे लांबलचक नळ्यांतून जायचे, गार होऊन परत यायचे. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण ताजा वारा पुढेच मिळतो.

जागा चुकली तर काय होते, ते त्याच घराण्यातल्या फोक्सवॅगन बीटलने दाखवले. तिचा कूलर पंख्याच्या आवरणातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर बसवला होता. तेल गार झाले, पण तिसऱ्या सिलिंडरला मिळणारा वारा अडला आणि तापला. त्याच सिलिंडरचे व्हॉल्व्ह आधी जळत. १९७१ च्या सुमारास कूलर बाजूला सरकवला, तेव्हा ती तक्रार कमी झाली.

आपल्याकडे हे यंत्र पाहायचे तर पोर्शेची वाट पाहायला नको. पुण्याच्या बजाज कंपनीच्या पल्सर २२० या मोटारसायकलच्या इंजिनालाही ऑइल कूलर दिलेला आहे. महामार्गावरच्या जड ट्रकांत तो दुसऱ्या रूपात असतो: तेथे तेल वाऱ्याने नव्हे, रेडिएटरच्या पाण्याने गार होते. घाटात हे अधिक सोयीचे, कारण ट्रक रांगत चढत असताना वारा कोठून येणार? शिवाय सकाळी पाणी तेलाच्या आधी तापते, ते उलट तेलालाच ऊब देते.

ऊब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कूलर जितका मोठा तितके बरे, असे समजून काही हौशी तरुण वाटेल त्या गाडीला तो लावतात. ते चूक आहे. तेल शंभराच्या आसपास गेलेच पाहिजे. इंजिनात साचलेला ओलावा त्याशिवाय उडून जात नाही, आणि तोच पुढे धातू खातो. म्हणून चांगल्या कूलरच्या वाटेवर एक थर्मोस्टॅट असतो. तेल पुरेसे तापेपर्यंत तो कूलरचे दार उघडत नाही. ज्यात तो नाही, असला कूलर रोज दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीला फुकट दिला तरी घेऊ नये.

आपल्या उन्हाळ्याचाही हिशेब करायला हवा. तेल १२० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक शंभराचा. हवा ४५ वर गेली की फरक ७५ उरतो. तोच कूलर त्याच वेगात एकचतुर्थांश कमी उष्णता टाकतो. त्यात घड्यांत चिखल आणि किडे बसलेले असले तर विचारायलाच नको. ते मऊ ब्रशाने आणि साध्या पाण्याने काढावेत. धुलाईकेंद्रातला जोरदार फवारा जवळून मारला तर पत्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते. टर्बोची गाडी घाट चढून आल्याबरोबर बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे टर्बोतले तापलेले तेल जागच्या जागी करपत नाही.

पाण्यावर चालणाऱ्या कूलरला आतून भोक पडले तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक असल्याने तेल पाण्यात शिरते. इंजिन निवल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून पाहावे. पाण्यावर सायीसारखा तपकिरी थर दिसला तर गाडी पुढे न हाकता आधी मेकॅनिकला दाखवावी.