दप्तरातला पावसाळा
मुळशी तालुक्याची कचेरी ज्या पौड गावी आहे, तेथे सह्याद्रीवरून उतरणारा आषाढ दप्तरखान्यातही बिनपरवाना शिरतो, आणि एरवी खडखडीत वाजणारा कागद पाण्याचा थेंबही न लागता मऊ पडतो. याचे कारण असे की, कागदाचे तंतू ज्या सेल्युलोजचे बनतात, त्या शर्करासाखळीच्या प्रत्येक कडीवरील तीन हायड्रॉक्सिल गट शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असले, तरी जेथे रचना विस्कळीत आहे तेथे बाष्पाचे रेणू मध्ये घुसून ते बंध स्वतःशी जोडून घेतात. सुव्यवस्थित स्फटिकमय भागात मात्र पाण्याला मज्जाव! म्हणून तंतू लांबीत जवळजवळ तसाच राहून रुंदीत फुगतो. आश्विनात साखळ्या पुन्हा परस्परांना बिलगतात; तथापि वाळता कागद, तेवढ्याच दमट हवेत, भिजत्या कागदाहून किंचित अधिक पाणी राखून ठेवतो.